उजनीच्या पाण्यावर पुन्हा शीड

चार वर्षांपूर्वी माझी बायपास झाली, छातीचे हाड तारांनी बांधले गेले आणि माझी शिडाची छोटी होडी करमाळ्याच्या बाजूला, उजनीच्या काठावर ताडपत्रीखाली पडून राहिली. एकट्याने जायचे नाही, या अटीवर डॉक्टरांनी परवानगी दिल्यामुळे आज, वयाच्या ७१व्या वर्षी, मुलाला घेऊन सोलापुरातून पहाटेच निघालो.

शीड चढवताना प्रथमच उमगले की दोर ओढण्याचा ताण केवळ दंडावर नव्हे, छातीवरही येतो. औषधामुळे नाडी फारशी वाढत नसल्याने दमलो की नाही हे मनगटावरून कळत नाही. न थांबता एक वाक्य बोलता येते का, हीच खूण धरावी लागते. त्यासाठी मुलाने मला भीमाकाठची गावे ओळीने म्हणायला लावली. (त्याला स्वतःला ती येत नाहीत, हा भाग वेगळा.) रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांमुळे दोर जरासा घासला तरी तळहातावर जांभळा डाग उमटला.

दहाच्या सुमारास पश्चिमेचा वारा शिडात भरला, होडी कलली आणि मी जुन्या सवयीने वर उचललेल्या काठावर सरकून बसलो. दोर मुलाकडे दिला. सुकाणू मात्र दिले नाही.