कीबोर्डविना ४८६ : एफ-वनचा अडसर गेला

माझा जुना ४८६ प्रोसेसरचा पीसी आता कीबोर्ड न जोडता, मधे कुठेही न अडता थेट डॉस या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमच्या प्रॉम्प्टवर पोचतोय. ओपीएल३ या ध्वनी-चिपचं संगीत वाजवायला हे मशीन स्पीकरशेजारच्या फळीवर ठेवायचंय आणि तिथे कीबोर्डला जागा नाही. मॉनिटरचा प्रश्न नव्हताच; व्हीजीए (चित्राचं) कार्ड स्लॉटमध्ये असलं की बायॉसला, म्हणजे सुरू होताना मशीन तपासणाऱ्या बोर्डावरच्या प्रोग्रॅमला, पुरतं. अडवत होता तो ‘प्रेस एफ-वन’: कीबोर्ड सापडला नाही की बायॉस हा संदेश दाखवून थांबतो.

एरवी हे बायॉसच्या सेटअपमध्येच मिटतं. अवॉर्ड कंपनीच्या बायॉसमध्ये ‘हॉल्ट ऑन’पुढे ‘ऑल, बट कीबोर्ड’ निवडायचं. एएमआयच्या बऱ्याच आवृत्त्यांत ‘सिस्टिम कीबोर्ड’ला ‘ॲबसेंट’ करता येतं. माझ्या बोर्डावरची निकेल-कॅडमियम बॅटरी गळत होती म्हणून काढली, आणि बाहेरची बॅटरी जोडायचा ट्रॅकही त्या गळतीने खाल्लाय. सेटिंग जपणाऱ्या सीएमओएस मेमरीला मशीन बंद असताना वीजच नाही, मग ते टिकणार कुठे? (डिस्कचं सेटिंगही तिथेच असतं, पण तिचं अडत नाही. नेटवर्क कार्डावरच्या रॉममध्ये एक्सटी-आयडीई हा डिस्कसाठीचा वेगळा बायॉस आहे, तो डिस्कच्या जागी लावलेलं सीएफ मेमरी कार्ड स्वतःच शोधतो.)

सर्वात स्वस्त उपाय म्हणजे बंद पडलेल्या कीबोर्डातली कंट्रोलरची पट्टी काढून तेवढीच केबलला लावून ठेवणं. बायॉसला कळा दिसत नाहीत, त्याला फक्त उत्तर हवं असतं. तो हेक्स (सोळाच्या पायाच्या अंकांत) एफएफ, म्हणजे ‘रीसेट’ पाठवतो. कीबोर्डाने एफए म्हणून पोच द्यायची आणि स्वतःची तपासणी उरकून एए पाठवायचं. पट्टी हे चोख करते. पण बॅटरी नसल्यामुळे येणारी सीएमओएस चेकसमची (साठवलेली सेटिंग्ज बिघडल्याची) तक्रार उरतेच, आणि ती खरोखर एफ-वन दाबल्याशिवाय पुढे जाऊ देत नाही.

म्हणून कीबोर्डाचं सोंग घ्यायला एटीटायनी८५ ही छोटी मायक्रोकंट्रोलर चिप. एटी (त्या काळच्या पीसी) कीबोर्डाच्या पाच पिनांच्या, डिन नावाच्या गोल सॉकेटवर १ क्लॉक, २ डेटा, ४ ग्राउंड आणि ५ वर ५ व्होल्ट, म्हणजे वीजही तिथूनच. क्लॉक दोन्ही दिशांना कीबोर्डच देतो, त्यामुळे चिपचा आतला ८ मेगाहर्ट्झचा ऑसिलेटर पुरेसा अचूक आहे. क्लॉक मी साधारण १२ किलोहर्ट्झ ठेवलाय. एक बाइट नेणारी फ्रेम ११ बिटांची: स्टार्ट, आठ डेटा, विषम पॅरिटी (चूक पकडायला), स्टॉप. दोन्ही लाइन ओपन कलेक्टर आहेत. पिन कधीही हाय करू नका, ‘१’साठी इनपुट करून सोडून द्या, बोर्डावरचा पुल-अप रेझिस्टर ती लाइन वर ओढतो. बायॉसला बोलायचं असलं की तो क्लॉक निदान १०० मायक्रोसेकंद खाली धरतो. तेव्हा आपलं पाठवणं थांबवून ऐकायचं. कीबोर्डवरच्या दिव्यांसाठीचा ईडी हा हुकूम आणि त्यामागचा बाइट, दोघांनाही एफए द्यायचा.

मेमरी मोजून झाली की चिप ०५ पाठवते, मग एफ० ०५: एफ-वन दाबला, सोडला. बोर्डावरचा ८०४२ हा कीबोर्ड-कंट्रोलर त्याचं बायॉसला कळणारं ३बी करतो आणि बूट पुढे सरकतं. लॉजिक ॲनालायझरवर (लाइनींवरचे बिट दाखवणाऱ्या यंत्रावर) हा संवाद बघताना मला फार आनंद झाला, जमलं तर तुम्हीही बघा.

पुढचं सगळं सिरियल पोर्टला जोडलेल्या टर्मिनलवर. डॉस सुरू होताना आपोआप चालणाऱ्या ऑटोएक्झेक फायलीत मोड कमांडने कॉम१ या पोर्टला ९६००,एन,८,१ (वेग आणि बिटांची मांडणी) दिलं, शेवटच्या ओळीत सीटीटीवाय कॉम१, म्हणजे डॉसचं वाचणं-लिहिणं त्या पोर्टवर. डॉसच्या एडिटसारखे थेट व्हिडिओ मेमरीत लिहिणारे प्रोग्रॅम टर्मिनलवर दिसत नाहीत. छोट्या बॅच फायली टर्मिनलवरूनच लिहितो.

हा प्लग मशीन चालू असताना काढू-घालू नका, बऱ्याच बोर्डांवर कीबोर्डचा बारीक फ्यूज त्यात जातो. आता चिप प्लगच्या खोळीतच बसवायची आहे. लांब पायांची डीआयपी आत मावत नाही, तीच चिप एसओआयसी या लहान आकारात मागवली आहे.