काळं खरवडलं की चेहरा दिसतो

कृष्णवर्णीय अमेरिकी चित्रकार रशीद जॉन्सन यांची ‘अँक्शस मेन’ (अस्वस्थ पुरुष) ही चित्रं फोटोत बघितली की काळ्या रंगाने काढलेले चेहरे वाटतात. प्रत्यक्षात खाली न्हाणीघरात असतात तशा पांढऱ्या सिरॅमिक टाइल्स आहेत, त्यांवर काळा साबण आणि मेण वितळवून ओतलंय, आणि चेहरा त्या थरातून खरवडून काढलाय. काळं जिथून गेलं तिथे डोळे उमटले. छपाईत हे निम्मं हरवतं.

साबण पश्चिम आफ्रिकेतला. कोकोच्या शेंगांची टरफलं, केळीच्या जातीच्या फळांच्या साली जाळून राख करतात. राखेतल्या क्षाराची तेलाशी प्रक्रिया झाली की साबण तयार. म्हणजे अंग स्वच्छ करायची वस्तू, धुण्याच्या जागेची फरशी, आणि तिच्यावर काळे ओघळ. वंशाचा प्रश्न मला चेहऱ्यांपेक्षा या सामग्रीत जास्त दिसतो.

आता मेणाचा स्वभाव. गरम असताना रेघ ओढली तर ती भरून येते. पार थंड होऊ दिलं तर कडा तुटतात, आणि झिलईदार टाइलवर मेणाची पकड मुळात कमी, त्यामुळे पापुद्राच सुटायची भीती. मधल्या थोड्या वेळात हात चालवायचा. खोडायची सोय नाही. वर काळं ओतता येईल, पण तो डाग राहतो. आवळलेल्या दातांच्या आणि गरगरीत डोळ्यांच्या त्या रेघांवर रेघा याच घाईतून आल्यात. अस्वस्थता काढून दाखवलेली नाही, ती हाताच्या वेगात आहे.

जॉन्सन 1977 साली शिकागोत जन्मले. ही मालिका 2015 मध्ये न्यूयॉर्कच्या ड्रॉइंग सेंटरमध्ये लागली. अमेरिकेत कृष्णवर्णीयांवरचा पोलिसी हिंसाचार तेव्हा ऐरणीवर होता. 2020 च्या टाळेबंदीत हेच चेहरे कागदावर लाल तैलरंगात आले, पुढे ‘ब्रूझ’ (मुका मार) मालिकेत निळे झाले. लाल चित्रं थेट भिडतात, पण खरवडण्यातली ओढाताण तिथे नाही.

समोर उभं राहून झालं की बाजूला सरकून तिरकं बघा. खरवडलेल्या मेणाचे वरंबे तेव्हाच दिसतात. ‘अँक्शस ऑडियन्स’ (अस्वस्थ प्रेक्षक) या चित्रांमध्ये चेहऱ्यांच्या रांगाच्या रांगा आहेत. तिथे आधी रिकामे सोडलेले चौकोन शोधा. त्यांत चेहरा काढलेलाच नाही.