पंखा

तीन वर्षं दर बुधवारी मी एका पंख्याशी बोलत होते, हे पंखा गेल्यावर कळलं.

थेरपिस्टच्या जुन्या खोलीतला तो पंखा टकटक करायचा. रडू येतंय असं वाटलं की मी वर बघून ती टकटक मोजायची. मॅडमनी जागा बदलणार असल्याचं महिनाभर आधी सांगितलं, कसं वाटतंय तेही विचारलं. "काही नाही, उलट बरंच पडेल," मी म्हटलं. (काय बरं पडणार होतं, देव जाणे.)

नव्या खोलीत एसी. चिडीचूप. खुर्ची अशी ठेवलेली की दार पाठीमागे. पहिली पन्नास मिनिटं मी ऑफिसातल्या रजांबद्दल बोलले. दुसऱ्या वेळीही तेच. घरी येताना चिडचिड, आणि चिडचिडीची लाज. एवढी घोडी झाले आणि पंख्यावरून रुसते?

मग फ्रॉइड आठवला. नाझींमुळे १९३८ साली, वयाच्या ८२व्या वर्षी त्याला व्हिएन्ना सोडून लंडनला जावं लागलं. ४७ वर्षांची जागा सुटली. पण पेशंट ज्यावर आडवे पडत तो कोच आणि जुन्या मूर्ती मागाहून आल्या आणि नवी खोली जवळपास पहिल्यासारखीच लावली गेली. मनाचा एवढा अभ्यास केलेल्या माणसालाही आपलंच सामान लागलं, म्हणजे माझं फार काही बिघडलेलं नाही!

तिसऱ्या बुधवारी बसल्या बसल्या सांगून टाकलं, "मला ही खोली आवडत नाही. तुम्ही मला न विचारता जागा बदललीत." न विचारता हा शब्द तोंडातून निघाला आणि मीच दचकले. लहानपणी आमची घरं अशीच बदलायची. शाळेतून यावं तर सामान बांधलेलं. पंख्यापासून तिथे पोचायला दहा मिनिटंही लागली नाहीत.

मॅडमनी समजूत घातली नाही, तेच बरं झालं. एवढंच विचारलं, "तो पंखा तुमच्यासाठी काय करायचा?" मी बराच वेळ गप्प. मोजायला टकटक नव्हती, म्हणून रडले.

आता मी थोडी लवकर जाते, बाहेर बसून राहते. आत गेल्यावर दार दिसेल अशी खुर्ची सरकवते. मागच्या बुधवारी गेले तर ती आधीच सरकवून ठेवलेली. मला ते आवडलं नाही. तसं सांगितलं.