आमची वाटचाल: वडगादी ते रबाळे

मशीद बंदरजवळच्या वडगादीत माझ्या वडिलांनी रंग-रसायनांच्या दलालीपासून सुरुवात केली आणि पुढे त्याच बाजारातील एका गाळ्यातून टोल्युइन, अ‍ॅसिटोन अशा द्रावकांची विक्री होऊ लागली. ठाणे-बेलापूर पट्ट्यात रबाळे येथे भरणा आणि मिश्रणाचे युनिट उभे राहिले, तेव्हा कारभार माझ्याकडे आला. तो विस्तार इतर कोणत्याही व्यापाऱ्याच्या विस्तारासारखाच होता. सांगण्यासारखे आहे ते सुरक्षिततेचे काम, ज्यातले बरेचसे कोणी आमच्यावर बंधनकारक केले नव्हते.

ज्वालाग्राही द्रवांच्या साठ्यासाठी आमच्याकडे परवाना आहेच. परंतु भोपाळच्या दुर्घटनेनंतर 1989 साली घातक रसायनांबाबत जे नियम आले, त्यांतील आपत्कालीन आराखडा, सुरक्षा अहवाल यांसारखी मोठी बंधने ठरावीक मर्यादेपेक्षा अधिक साठा करणाऱ्यांनाच लागू होतात, आणि आमच्यासारखा छोटा साठा त्या मर्यादेच्या बराच खाली राहतो. कॅनडात 1985 साली सुरू झालेला आणि मुंबईत मुख्यालय असलेल्या इंडियन केमिकल कौन्सिल या रसायन उद्योगाच्या संघटनेने भारतात आणलेला 'रिस्पॉन्सिबल केअर' हा रसायन कंपन्यांसाठीचा सुरक्षिततेचा स्वेच्छेचा कार्यक्रम आमच्यापर्यंत पोहोचला तो एका रंग-कंपनीच्या खरेदी विभागाने पाठवलेल्या प्रश्नावलीतून. हेतू उदात्त होता असे म्हणणार नाही. ग्राहक टिकवायचा होता.

पहिले काम भरण्याच्या जागेवर झाले. टोल्युइनचा ज्वलनांक, म्हणजे ज्या तापमानापासून त्याची वाफ ठिणगीने पेटू शकते तो, सुमारे 4 अंश सेल्सिअस असल्याने मुंबईत बारा महिने त्याची वाफ पेट घेण्याच्या स्थितीत असते, आणि ते विजेचे मंदवाहक असल्याने उंचावरून ड्रममध्ये ओतले की स्थिर विद्युत साठत जाते. म्हणून नळी ड्रमच्या तळापर्यंत नेणे, सुरुवातीला प्रवाह संथ ठेवणे आणि टाकी व ड्रम तारेने जोडून अर्थिंग देणे, हे तीन नियम ठरले. सुरक्षा माहितीपत्रकातील सोळा इंग्रजी विभाग माथाडी कामगाराच्या उपयोगाचे नव्हते. त्यातून एका पानाचे मराठी आणि एका पानाचे हिंदी पत्रक केले. याला खर्च फारसा आला नाही.

खरा खर्च आला तो रिकाम्या ड्रमांचा. भंगारवाले ते रोख देऊन उचलत, हे उत्पन्न आम्ही वर्षानुवर्षे गृहीत धरलेले, आणि पुढे ते कुठे जातात हे सर्वांना ठाऊक होते: मुंबईच्या वस्त्यांमध्ये पाणी साठवायला निळे पिंप लागते आणि रसायनाचे पिंप धुऊन विकले जाते. घातक रसायनांनी माखलेली रिकामी पिंपे कायद्यानेही घातक कचऱ्यात मोडतात, पण हा नियम बाजारात फारसा कोणी पाळत नाही. आमच्या प्रांगणातले ड्रम आम्ही अधिकृत पुनर्वापर केंद्राकडे पाठवू लागलो आणि नाममात्र दरावर समाधान मानले. विकल्या गेलेल्या मालाचे ड्रम परत मागवण्याची योजना मात्र निम्म्यावरच अडकली, कारण छोट्या ग्राहकाला भंगारवाला आमच्यापेक्षा जास्त भाव देतो.

अशा कार्यक्रमांवरची टीका मला रास्त वाटते. अमेरिकेत किंग आणि लेनॉक्स या संशोधकांनी 2000 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 'रिस्पॉन्सिबल केअर'च्या सदस्य कंपन्यांचे प्रदूषण इतरांपेक्षा वेगाने कमी झाल्याचे दिसले नव्हते. तपासणी आणि दंड नसेल, तर सदस्यत्वाच्या आडही लपता येते. आम्ही अद्याप या कार्यक्रमाच्या बोधचिन्हासाठी अर्ज केलेला नाही, कारण ते कौन्सिलच्या लेखापरीक्षणानंतर मिळते आणि ड्रमांचा प्रश्न तिथे विचारला जाणारच. सध्या थोडक्यात टळलेल्या घटनांची वही चालू आहे. नोंद करणाऱ्यावर कारवाई नाही, हे जाहीर केल्यावरच तिच्यात नोंदी येऊ लागल्या, आणि बहुतेक नोंदी टँकर रिकामा करतानाच्या आहेत. त्यामुळे पुढची पाळी वाहतूकदारांची आहे. घातक मालाचे प्रशिक्षण घेतलेला चालक आणि टँकरवर यूएन क्रमांकाची (आत कोणता घातक माल आहे हे सांगणाऱ्या आंतरराष्ट्रीय क्रमांकाची) पाटी नसेल, तर गाडी फाटकाबाहेरूनच परत पाठवायची, असे आम्ही त्यांना लेखी कळवले आहे.