तुम्ही विचारलेत म्हणून: कलिन्यात शिकताना बदलापूरला का राहिले

मुंबई विद्यापीठ कलिन्याला असताना मी इतक्या लांब बदलापूरला खोली घेऊन का राहिले, हा प्रश्न मला इतक्या जणांनी इतक्या वेगवेगळ्या सुरांत विचारला आहे की आता एकदाच लिहून टाकते. मुंबईकर विचारतात तेव्हा त्यात कीव असते. आमच्या उदगीरकडचे, ज्यांच्या मुलीला नुकताच प्रवेश मिळालेला असतो, ते विचारतात तेव्हा त्यांना भाड्याचा आकडा हवा असतो.

आधी तोच सांगते. 2018च्या जुलैत मी इतिहासाच्या एम.ए.ला आले तेव्हा वसतिगृहाच्या यादीत माझे नाव नव्हते. कलिना-वाकोल्याकडे मला कॉट बेसिसवर एका खाटेचे महिन्याला 8,500 रुपये सांगितले गेले, आणि त्या खोलीत अशा सहा खाटा होत्या. बदलापूर पूर्वेला चौघींनी मिळून घेतलेल्या वन बीएचकेत माझ्या वाट्याला 1,750 येत. रेल्वेचा सवलतीचा पास, बेस्टची बस आणि शेअर रिक्षा धरूनही महिन्याकाठी सहा हजारांच्या आसपास वाचत. धाकटा भाऊ तेव्हा लातूरला अकरावीत होता आणि त्याच्या शिकवणीचे हप्ते होते. ‘थोडे जास्त गेले असते तर काय बिघडले असते,’ असे म्हणणाऱ्यांनी ते थोडे कोणाच्या खिशातून जायचे, हेही सांगावे.

एक कबुली मात्र द्यायला हवी. प्रवासात भरपूर वाचन होते, असे मी त्या काळात सर्वांना सांगत असे, आणि ते खोटे होते. बदलापूरहून सुटणाऱ्या लोकलमध्येही बसायला मिळेलच असे नसते, कारण अंबरनाथच्या बायका ‘रिटर्न’ करून, म्हणजे त्याच गाडीने आधी उलट बदलापूरला येऊन, जागा धरून बसलेल्या असतात. तिघींच्या बाकावर कडेची चौथी सीट मिळाली तरी कल्याणनंतर पान उलटण्यापुरतेही कोपर हलत नसे.

पण मला सांगायचे आहे ते 2019च्या सप्टेंबरमधल्या एका गुरुवारविषयी. आमचे एक प्राध्यापक गुरुवारी संध्याकाळी साडेपाचनंतर पाचसहा जणांना घेऊन बसत आणि प्रत्येकाला आळीपाळीने आपले टिपण वाचायला लावत. वर्गात कळत नसे ते तिथे कळे. मी दर वेळी साडेसहाला उठत असे, कारण आमच्या घरमालकीणकाकूंचे दार साडेनऊला बंद होई आणि कुर्ल्याहून सव्वासातची बदलापूर फास्ट चुकली की पुढचे सगळे गणित कोलमडे. त्या गुरुवारी माझी पाळी होती. विषय गिरणगावातल्या, म्हणजे मुंबईच्या कापडगिरण्यांभोवतीच्या वस्तीतल्या, खानावळींचा: कोकणातून, घाटावरून एकटे आलेले कामगार एका खोलीत पाळीपाळीने झोपत आणि खानावळवाल्या बाईकडे जेवत, त्याविषयीचा. आधीच्या मुलाचे वाचन लांबले आणि माझी पाळी आली तेव्हा पावणेसात होत आले होते. मी मधली तीन पाने गाळून धावत वाचले. सरांनी डोळे मिटून ऐकले आणि विचारले, “एवढ्या दाटीत राहण्यापेक्षा ही माणसे लांब, मोकळ्या जागेत, स्वस्तात का राहिली नाहीत?”

दोन वर्षांत माझ्या कामाविषयी मला विचारला गेलेला खरा प्रश्न तो एकच. मी पिशवी खांद्याला लावत म्हणाले, “सर, पुढच्या गुरुवारी सांगते.” ते म्हणाले, “तुझे लक्ष घड्याळाकडेच असते.” आवाजात राग नव्हता.

सीएसटी रोडवर बस अडकली आणि सव्वासातची चुकलीच. पुढच्या गाडीत दाराजवळ उभी होते. ठाणे सोडून गाडी पारसिकच्या बोगद्यात शिरली, सगळ्यांच्या फोनची रेंज एकदम गेली, आणि उत्तर आठवले. ते मी गाळलेल्या पानांवरच होते. बदली कामगाराला, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी रोजावर घेतल्या जाणाऱ्याला, सकाळी गिरणीच्या फाटकावर उभे राहावे लागे. जो जॉबरच्या, म्हणजे माणसे कामावर घेणाऱ्या मुकादमाच्या, नजरेसमोर असे त्याला दिवसाचे काम मिळे, आणि ज्याला भोंगा ऐकूच येत नसे त्याचा विचार कोणी करत नसे. जवळची खोली म्हणजे निवारा होताच, शिवाय कामाच्या रांगेतली जागाही होती. हे मी स्वतःच्या हाताने लिहिले होते आणि रोज लोकलमध्ये उभी होते. पुढच्या गुरुवारी दुसऱ्याचे टिपण होते. तो प्रश्न पुन्हा निघाला नाही. डिसेंबरमध्ये सरांनी एका प्रकल्पासाठी मदतनीस घेतली, ती वाकोल्याला राहणारी होती. ती हुशार होती, त्यामुळे जवळ राहिल्यामुळेच तिला ते काम मिळाले असे मी म्हणू शकत नाही, आणि तसे नव्हते असेही म्हणवत नाही.

तेव्हाची हिशेबाची वही माझ्याकडे आहे. रोजचे साडेचार तास, महिन्याचे वीस दिवस, म्हणजे नव्वद तास. सहा हजारांना भागले की तासाला सहासष्ट रुपये पडतात. एवढ्या भावाने तू तास विकलेस, असे मी वहीतल्या मुलीला म्हणते. ती म्हणते, दुसरे गिऱ्हाईक होते का? मग मी विचारते, निदान दुसऱ्या वर्षी तरी विद्यापीठाजवळ चौघींत खोली का शोधली नाहीस? यावर ती गप्प बसते. खरे तर तोवर बदलापूरची सवय झाली होती, डब्यातल्या बायका ओळखीच्या झाल्या होत्या, आणि लांबून येणारी म्हणून थोडे कौतुकही होत असे; ते मला आवडत होते. हे आजवर कोणाला सांगितलेले नाही.

2020च्या मार्चमध्ये लोकल बंद झाल्या आणि ऑक्टोबरमध्ये शेवटच्या सत्राची परीक्षा आम्ही घरूनच दिली. त्या सत्रात सगळेच विद्यापीठापासून सारखे लांब होते. भावाला त्याच सुमारास अभियांत्रिकीला प्रवेश मिळाला.

मागच्या आठवड्यात उदगीरहून एका काकांचा फोन आला होता. मी त्यांना भाडे सांगितले, डिपॉझिट सांगितले, आणि घरमालकीण रात्री दार कितीला लावते ते आधी विचारा, असेही सांगितले. ते म्हणाले, “लवकर लावत असेल तर बरंच की, पोरीची जात.” मग त्यांनी भाड्याचा आकडा पुन्हा एकदा विचारून घेतला.