साडेतीन फुटांवर तिसरा झेंडा

मे महिन्याचा शेवटचा सोमवार, म्हणजे अमेरिकेतला मेमोरियल डे, शहीद सैनिकांचा स्मृतिदिन. माजी सैनिकांच्या ज्या सरकारी रुग्णालयाची देखभाल मी बघतो, तिथे सकाळी पोचलो तेव्हा खांबावर तीन झेंडे अर्ध्यावर होते आणि सगळ्यात खालचा झुडपांत अडकला होता.

हिशेब साधा आहे. खांब 25 फुटी. राष्ट्रध्वज 4 बाय 6 फुटांचा, बाकीचे दोन 3 बाय 5 चे. राष्ट्रध्वजाचा मध्य साडेबारा फुटांवर धरला तर त्याची खालची कड साडेदहावर येते. सहा इंच मोकळे सोडून युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांचा काळा झेंडा, तो सात फुटांपर्यंत. पुन्हा सहा इंच, मग राज्याचा झेंडा, थेट साडेतीन फुटांवर. एरवी पूर्ण उंचीवर हे कधी जाणवत नाही.

एक काढायलाच हवा होता. नवा मदतनीस म्हणाला, काळा काढू, तो वर्षातून सहाच दिवस लावायचा असतो ना? हा गैरसमज जुना आहे. 1997 च्या कायद्यात सहा दिवस होते खरे, पण मेमोरियल डे त्यातलाच एक. शिवाय आमच्यासारख्या रुग्णालयांना तेव्हाही राष्ट्रध्वज फडकेल त्या प्रत्येक दिवशी तो लावणं बंधनकारक होतं. 7 नोव्हेंबर 2019 च्या कायद्याने तोच नियम व्हाइट हाउस, टपाल कार्यालयं, राष्ट्रीय दफनभूमी वगैरे यादीतल्या सगळ्यांना लागू केला. राज्याच्या झेंड्याला अशी केंद्रीय सक्ती नाही. तोच काढला.

दोरी खाली घेतल्यावर दुसरी चूक दिसली. काळ्या झेंड्याची वरची कडी दोरीऐवजी राष्ट्रध्वजाच्या खालच्या आयलेटमध्येच (कडेच्या पट्टीतल्या धातूच्या भोकात) अडकवली होती. त्यामुळे खालच्या झेंड्याला बसणारी वाऱ्याची सगळी ओढ वरच्याच्या पट्टीवर येते आणि आयलेट उपटून निघतं. आमचं निम्मं निघालंच होतं. प्रत्येक झेंड्याला दोन स्वतंत्र कड्या हव्यात, आणि ताण दोरीने घ्यायला हवा. राष्ट्रध्वज बदलला. (नायलॉनचाच घ्यावा, ओला झाला तरी लवकर वाळतो. काळ्याची दोन्ही बाजूंनी अक्षरं सरळ दिसणारी प्रत जड असते, मंद वाऱ्यात ती लोंबतच राहते. आम्ही एकेरी छपाईची वापरतो, मागून अक्षरं उलटी दिसली तरी चालतं.)

झेंडे पुन्हा चढवताना ते आधी झपकन टोकापर्यंत नेले, क्षणभर थांबवले आणि मग अर्ध्यावर आणले. थेट अर्ध्यावर बांधायचे नसतात.

मेमोरियल डेला दुपारी बारापर्यंतच अर्ध्यावर. बाराला वारा वाढला होता, काळा झेंडा दोरीला गुंडाळला गेला. अशा वेळी जोर लावला की कप्पीत दोरी अडकते. फूटभर खाली घेतला, झेंडा आपोआप सुटला, मग दोन्ही झेंडे टोकापर्यंत नेऊन दोरी खुंटीला आठाच्या आकारात गुंडाळली.

राज्याचा झेंडा मंगळवारी सकाळी परत तिसऱ्या जागी लावला.