हेक्टरी किती माणसं?

गोवंडी-मानखुर्द पट्ट्यात एक पुनर्वसन वसाहत आहे, तिच्या शेजारच्याच प्लॉटवर झोपू म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतल्या अजून तसल्या बिल्डिंगा यायच्या होत्या आणि तिथे काम करणाऱ्या एका संस्थेला त्या प्लॅनवर हरकती-सूचना द्यायच्या होत्या. ते आमच्या ऑफिसला आले. त्यांना एकच आकडा हवा होता, की हेक्टरी किती माणसं असली तर शहरात सुखाने राहता येतं, म्हणजे तो आकडा लिहायचा आणि सांगायचं की तुमचा प्लॅन याच्या कितीतरी वर चाललाय.

मी प्लॅनर आहे, आकडे आहेतच की आमच्याकडे. केंद्राच्या 2014 च्या गाइडलाइन्समध्ये मेट्रो शहरांसाठी हेक्टरी 125 ते 175 माणसं लिहिलंय. 2011 च्या जनगणनेत मुंबई उपनगर जिल्ह्यात चौरस किलोमीटरला साधारण 21 हजार माणसं होती, म्हणजे हेक्टरी 210 (एका चौरस किलोमीटरात 100 हेक्टर). पॅरिस शहरातही चौरस किलोमीटरला 20 हजारच्या आसपास आहेत आणि तिथे बहुतेक बिल्डिंगा सहा-सात मजल्यांच्या. म्हणजे नुसता आकडा बघितला तर अंधेरी-गोवंडी आणि पॅरिस एकच झालं! पण आपल्या उपनगराच्या हिशोबात नॅशनल पार्कही आलं, खाडी, खारफुटी, विमानतळही आलं, आणि मुंबईतली 40 टक्क्यांहून जास्त माणसं त्या जनगणनेत झोपडपट्टीत होती, ती जमिनीच्या अगदी छोट्या हिश्शात. त्यात झोपू योजनेचा नियम बघा, हेक्टरी 650 घरं, आणि ही कमीत कमी हां, याच्या खाली जायचं नाही. घरटी पाच माणसं धरली तर 3250. ही फक्त प्लॉटची घनता आहे, रस्ते-मैदानं धरून काढलेल्या शहराच्या घनतेशी ती थेट लावता येत नाही, तरी अंदाज येतो.

तर वसाहतीत सर्व्हे सुरू होता. त्या दिवशी मे महिन्यातलं रणरणतं ऊन, मी आणि आमचा ज्युनियर लक्समीटर (उजेड मोजायचं यंत्र, लक्स हे त्याचं माप) आणि टेप घेऊन दोन बिल्डिंगांच्या मधल्या गल्लीत शिरलो. तळमजला अधिक सात, उंची धरा 23 मीटर, आणि मधलं अंतर 3 मीटर. त्या 3 मीटरमध्ये ड्रेनेजचे पाइप, वरून गळणारं पाणी आणि वरूनच टाकलेला कचरा, म्हणून खालच्या सगळ्यांच्या खिडक्या कायमच्या बंद. मे महिन्यात मुंबईत सूर्य अगदी डोक्यावर येतो त्यामुळे दुपारी थोडा वेळ गल्लीतल्या लादीवर उन्हाचा एक पट्टा पडतो, पण तो लादीवरच, घरात नाही.

तळमजल्यावरच्या एका घरात गेलो. 225 स्क्वेअर फूट, माणसं सहा. मावशींना म्हटलं जरा ट्यूबलाइट बंद करता का, मीटर लावायचाय. बंद केली आणि दुपारी साडेबाराला मला मीटरचा डिस्प्ले सोडून काही दिसेना. 6 लक्स. वाचायला निदान 150 तरी लागतात. मोठ्या मुलीचं टीबीचं औषध नुकतंच संपलं होतं, मावशी ते इतक्या सहज बोलल्या की मला पटकन काही सुचलंच नाही. मी विचारलं, इथे गर्दीचा त्रास होतो का? तर म्हणाल्या, "गर्दी कसली ओ ताई, तिकडं रुळाजवळ पण आम्ही सहाच जण होतो, खोली याच्यापेक्षा बारकी. पण दार उघडलं की उजेड होता. हितं बिल येतं लाइटचं दिवसाचं पण."

मग त्याच रांगेत सातव्या मजल्यावर चढलो, चढलो म्हणजे पायांनीच, लिफ्ट बंद होती. तेच 225 स्क्वेअर फूट, तोच प्लॅन, आणि माणसं सात, म्हणजे खालच्यापेक्षा एक जास्तच. खिडकी सताड उघडी, वारा येत होता, खिडकीशी मीटर 400 च्या पुढे गेला. मुलगा खाली बसून चित्र रंगवत होता. पण त्या घरातल्या आजी लिफ्ट बंद पडल्यापासून खाली उतरलेल्याच नव्हत्या, कारण मेन्टेनन्सचे पैसे सोसायटीकडे जमत नाहीत आणि लिफ्टवाला उधारीवर येत नाही.

मी जिन्यातच बसले थोडा वेळ. एकच बिल्डिंग, हेक्टरी आकडा एकच, आणि दोन घरांत एवढा फरक. अशाच पुनर्वसन वसाहतींवर डॉक्टर्स फॉर यू या संस्थेने अभ्यास केला होता, त्यातही हेच होतं की जिथे ऊन-वारा पोचत नाही त्या खालच्या मजल्यांवर टीबी जास्त. मला ते वाचून माहीत होतं, पण ट्यूब बंद केल्यावर कळणं वेगळं.

संध्याकाळी ऑफिसात सरांनी वहीच्या पानावर सेक्शन, म्हणजे बिल्डिंगा उभ्या कापून दाखवणारं चित्र, काढला. 1896 च्या प्लेगनंतर मुंबईत 1898 ला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आलं, दादर-माटुंग्याची हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी हे त्यांचंच काम, आणि त्यांचा एक नियम होता, साडेत्रेसष्ट अंशांचा. भिंतीच्या पायथ्यापासून त्या कोनात रेघ वर काढली तर समोरच्या बिल्डिंगने ती अडवायची नाही, म्हणजे मधलं अंतर उंचीच्या निम्मं. आमच्या 23 मीटरला साडेअकरा पाहिजे, आहे 3. शंभर वर्षांपूर्वी ज्या शहराला हे समजलं होतं त्याच शहरात आज आपण असं बांधतोय, याचा मला खरंच फार राग आला.

पण अंतर वाढवलं की नवीन प्लॅनमध्ये पुनर्वसनाच्या चार ओळींच्या जागी तीनच बसत होत्या. सर म्हणाले, पाव घरं गेली, ती माणसं कुठे पाठवणार, लांब वांगणीला? तिथेच माझं मत पक्कं झालं की "घनता कमी करा" असं लिहायचंच नाही, कारण ते लिहिलं की ज्यांची घरं कमी होतात ती ह्याच लोकांची होतात. त्याच प्लॉटवर मोठा तुकडा विक्रीच्या टॉवरला, म्हणजे बिल्डर बाजारात विकणार त्या घरांना, होता, पोडियम, क्लबहाउस, गार्डन सगळं तिकडे, आणि पुनर्वसन एका कोपऱ्यात कोंबलेलं. मी तोच तुकडा खोडून पुनर्वसनाची चौथी ओळ तिकडे सरकवून बघितली, घरं तेवढीच राहिली, टॉवर मात्र दोन मजल्यांनी वाढला.

संस्थेच्या ताईंना फोन केला तर त्या नाराज, म्हणाल्या आकडा नसेल तर कोण वाचणार. त्यांचंही खरं होतं. म्हणून आकडे दिलेच, फक्त हेक्टरी माणसांचे नाही: बिल्डिंगांमधलं अंतर उंचीच्या निम्मं, तळमजल्यावर घर नको, तिथे बालवाडी, दवाखाना, दुकानं, दुकानांचं भाडं लिफ्टच्या फंडात, आणि सगळ्यात खालच्या घरात दिवसा लाइट न लावता 150 लक्स. माणसं किती राहणार तो रकाना आम्ही मूळ प्लॅनप्रमाणेच ठेवला, एकही घर कमी न करता, आणि सोबत माझा तो खोडलेला लेआउट जोडला.